क्लाउजर मिनो: शिशाचे दोन डोळे आणि चिमूटभर केसांचा ‘मासा’

फ्लाय फिशिंगचे रील्स तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आले असतीलच. कमरेएवढ्या पाण्यात उभा माणूस, डोक्यावरून लहरत जाणारी हिरवट-पिवळी दोरी आणि दोरीच्या टोकाला दिसेल न दिसेल असं काहीतरी. ते ‘काहीतरी’ म्हणजे फ्लाय. नाव माशीचं असलं तरी प्रत्येक फ्लाय माशीची नक्कल नसते. मोठे मासे माश्या-किड्यांवर फार काळ पोट भरत नाहीत, ते लहान मासे खातात. म्हणून लहान माशाची नक्कल करणारे फ्लाय बनवले जातात. त्यांना स्ट्रीमर म्हणतात.

स्ट्रीमर वजनदार केला की तो तळापर्यंत जातो. आणि वजनदार स्ट्रीमरांमध्ये जगभर सर्वाधिक ओळखला जाणारा म्हणजे क्लाउजर मिनो. एक गळ, शिशाचे दोन डोळे, दोन रंगांचे केस आणि थोडी चमकी, एवढंच त्याचं सामान. तरी गोड्या नदीपासून खुल्या समुद्रापर्यंत तो चालतो. तो कसा जन्मला, कसा बांधतात, पाण्यात कसा चालवतात आणि त्यातल्या शिशाबद्दल एवढी चर्चा का होते, ते पाहूया.

सस्केहॅनाच्या काठी

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातून सस्केहॅना नावाची नदी वाहते. न्यूयॉर्क राज्यातल्या ओत्सेगो सरोवरातून निघून सातशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करत ती चेसापीक उपसागराला मिळते. हॅरिसबर्गच्या आसपास तिचं पात्र तब्बल दीड किलोमीटर रुंद होतं, पण खोली फारशी नाही. उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी गुडघा-मांडीएवढंच पाणी, खाली खडक, खडकांमध्ये कपारी. त्या कपारींमध्ये स्मॉलमाउथ बास नावाचा मासा दबा धरून बसतो. हा मूळचा या नदीतला नाही, १९व्या शतकात तो इथे सोडला गेला. पण आता नदीची ओळखच त्याच्यावरून होते.

याच नदीच्या काठी मिडलटाउन नावाचं छोटं गाव आहे. नाव ओळखीचं वाटत असेल तर कारण वेगळंच आहे: १९७९ साली अणुभट्टीचा अपघात झाला ते थ्री माइल आयलंड याच गावाजवळ, नदीच्या पात्रात आहे. या गावात बॉब क्लाउजर फ्लाय फिशिंगचं दुकान चालवत आणि लोकांना नदीवर मासेमारीला घेऊन जात.

क्लाउजर यांची अडचण साधी होती. खरा लहान मासा पाण्यात कधी लाकडासारखा स्थिर राहत नाही. त्याच्यामागे कोणी लागलं की तो सुळकन पुढे जातो, लगेच तळाकडे बुडी मारतो, पुन्हा सुळकन जातो. त्या काळच्या बहुतेक स्ट्रीमरांना दोरी ओढली की पुढे जाणं जमायचं, पण ओढ थांबली की ते जागच्या जागी तरंगत राहायचे. गळाच्या दांड्यावर शिशाची तार गुंडाळण्याची युक्ती तेव्हाही जुनीच होती. पण ते वजन दांड्याभर सारखं पसरतं, त्यामुळे असा फ्लाय आडवाच्या आडवा खाली जातो. बुडी मारल्यासारखा दिसत नाही.

मग वॅप्सी फ्लाय या सामान बनवणाऱ्या कंपनीचे टॉम श्मुकर यांनी त्यांच्याकडे डंबेलच्या आकाराचे शिशाचे डोळे पाठवले. मध्ये बारीक कंबर आणि दोन्ही बाजूंना गोळे. क्लाउजर यांनी हे डोळे गळाच्या दांड्यावर पुढच्या बाजूला बांधले आणि १९८७च्या सुमारास आजचा फ्लाय आकाराला आला. प्रसिद्ध फ्लाय फिशर लेफ्टी क्रे यांनी त्याला ‘क्लाउजर डीप मिनो’ हे नाव दिलं आणि १९८९ मध्ये ‘फ्लाय फिशरमन’ मासिकात त्याच्यावर लिहिलं. त्यानंतर तो जगभर गेला. आपण या एकाच फ्लायवर ८०पेक्षा जास्त जातींचे मासे पकडले, असं क्रे सांगत. लक्षात घ्या, हे सांगणारा माणूस स्वतः ‘लेफ्टीज डिसीव्हर’ या तितक्याच गाजलेल्या स्ट्रीमरचा जनक होता. १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने फ्लायची जी तिकिटं काढली, त्यात डिसीव्हरही होता.

दोन डोळे नेमकं काय करतात?

सगळी गंमत डोळ्यांच्या जागेत आहे. साधारणपणे गळ पाण्यात टोक खाली ठेवून चालतो. क्लाउजरमध्ये डोळे दांड्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे टोकाच्या विरुद्ध बाजूला बांधतात. शिसं जड, त्यामुळे पाण्यात पडताच ती बाजू खाली जाते आणि अख्खा फ्लाय उलटा होतो. आता गळाचं टोक वर आणि डोळे खाली. दगडगोट्यांवरून ओढला तरी टोक अडकत नाही, कारण तळाला घासतात ते डोळे. खडकाळ नदीत दर दहा मिनिटांनी फ्लाय तोडून द्यावा लागू नये, याचं मोल ज्याने गळ टाकला आहे त्यालाच कळेल. कोकणात खाडीत गरवायला जाणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. खडपात गरी अडकली की तंगूस ओढून ओढून शेवटी तोडावंच लागतं.

दुसरी गोष्ट, वजन तोंडाजवळ आहे. दोरी ओढली की फ्लाय पुढे आणि किंचित वर येतो. ओढ थांबली की जड तोंड आधी खाली जातं, शेपटीकडचे केस मागून येतात. पुढे, खाली, पुढे, खाली. घाबरलेल्या माशाची हीच चाल असते. आणि बहुतेक मासे झडप घालतात ते फ्लाय खाली पडत असताना. म्हणजे तुम्ही काहीच करत नसता त्या क्षणी फ्लाय सर्वात जास्त काम करत असतो.

डोळे वेगवेगळ्या वजनाचे मिळतात. अर्ध्या ग्रॅमच्या थोडे वर, पाऊण ग्रॅम, एक ग्रॅम, सव्वा ग्रॅम. फरक किरकोळ वाटतो, पण दोन फूट पाण्यात पाऊण ग्रॅम पुरतो आणि सहा फूट वेगवान पाण्यात सव्वा ग्रॅमही कमी पडू शकतो. जाणकारांच्या डबीत एकाच रंगाचे तीन क्लाउजर असतात ते याचसाठी. दिसायला जुळे, बुडायला वेगळे.

बांधायचा कसा?

फ्लाय बांधायला व्हाइस लागतो, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणारा छोटा शिकंजा. सोबत धाग्याची रीळ धरणारा बॉबिन, बारीक टोकाची कात्री आणि मजबूत धागा. केस परंपरेने बकटेलचे, म्हणजे अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे. ते लांब, थोडे ताठ आणि पाण्यात हलके असतात. सर्वात प्रसिद्ध जोडी म्हणजे पांढरा आणि शार्ट्रूज, हा पोपटी आणि पिवळ्याच्या मधला भडक रंग. अमेरिकेतले मासेमार या रंगाबद्दल इतके हट्टी आहेत की दुसरा रंग डबीत ठेवायलाच नको, असं थट्टेने म्हणतात.

इथे भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. चितळ, सांबर, भेकर यांचे केस मिळाले तर वापरू, हा विचार मनातही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार या प्राण्यांचे अवयव बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे. बोकडाचे लांब केस किंवा कृत्रिम तंतू उत्तम काम देतात. कृत्रिम तंतू तर पाणी धरून ठेवत नाहीत, त्यामुळे फेकायला हलकेच पडतात.

आता बांधणी. गळ व्हाइसमध्ये नेहमीसारखा, टोक खाली ठेवून लावा. गळाच्या नाकापासून मागे धाग्याचे वेढे देत दांडा झाकून घ्या. उघड्या गुळगुळीत धातूवर डोळे फिरत राहतात, धाग्याच्या थरावर ते बसतात.

नाकापासून दांड्याच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर, वरच्या बाजूला डोळे आडवे ठेवा. एका गोळ्याच्या पुढून दुसऱ्याच्या मागे तिरका वेढा, मग उलट दिशेने. फुलीसारखे असे दहा-बारा वेढे पडले की डोळ्यांखालून, दांड्याच्या वरून, गोल वेढे द्या. ते फुलीला आवळून घेतात. मग डिंकाचा थेंब. बोटाने डोळे फिरवून पाहा. फिरले तर पुढे जाऊ नका, कारण पाण्यात ते नक्की फिरतील आणि फ्लाय एका अंगावर पोहायला लागेल. नवशिके इथेच घाई करतात. डोळे नाकाला चिकटवून बांधू नका, केस आणि डोकं बांधायला पुढे जागा लागते.

आता पांढरे केस. किती? काडेपेटीतल्या काडीएवढी जाडी, बस्स. मुळाशी असलेली आखूड लव विंचरून काढून टाका. लांबी गळाच्या दांड्याच्या अडीच-तीन पट ठेवा. डोळ्यांच्या पुढे केसांची मुळं बांधा, मग केस दोन गोळ्यांमधल्या खाचेतून मागे न्या आणि डोळ्यांच्या मागेही चार-पाच वेढ्यांनी धरा. इथे वेढे फार आवळले तर केस पंख्यासारखे फुलतात. शेपटीच्या मुळाशी असलेले केस आतून पोकळ असल्याने जास्तच फुलतात, म्हणून टोकाकडचे केस निवडतात.

यानंतर गळ व्हाइसमध्ये उलटा करा, टोक वर. पुढचं सगळं आता डोळ्यांच्या पुढेच बांधायचं आहे, मागे नाही. आधी चमकीचे सहा ते दहा तंतू, केसांपेक्षा जरा लांब. त्यावर शार्ट्रूज केसांचा तितकाच बारीक झुबका. हे केस गळाच्या टोकाच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात आणि टोक थोडं लपवतात. पुढच्या भागाला धाग्याने निमुळता आकार द्या, शेवटची गाठ मारा, वर वार्निश किंवा राळ लावा.

पाण्यात हा फ्लाय उलटा होतो तेव्हा पांढरे केस खाली येतात आणि शार्ट्रूज वर. म्हणजे पांढरं पोट आणि रंगीत पाठ, अगदी खऱ्या माशासारखी. व्हाइसमध्ये बांधताना ते उलट दिसतं म्हणून अनेकांचे रंग पहिल्यांदा चुकतात.

क्लाउजर बिघडवण्याचा सर्वात सोपा उपाय म्हणजे जास्त केस घालणे. भरगच्च फ्लाय हातात छान दिसतो, फोटोही मस्त येतो. पण दाट केस पाण्याला अडवतात, फ्लाय पॅराशूटसारखा हळूहळू उतरतो आणि डोळ्यांचं वजन वाया जातं. चांगल्या क्लाउजरमधून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. कोरडा असताना तो दरिद्री दिसतो, ओला झाला की मासा होतो.

फेकताना हेल्मेटची आठवण का येते?

साध्या गळाला जड आमिष किंवा शिशाची गोळी असते आणि तिचं वजन हलक्या तंगुसाला ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये उलट असतं. वजन दोरीत असतं आणि दोरी हलक्या फ्लायला घेऊन जाते. त्यामुळे फ्लायलाच वजन दिलं की गणित फिसकटतं. हवेत दोरीचा जो वळसा बनतो, त्याच्या टोकाला एक ग्रॅम शिसं झटका देतं. वळसा अरुंद असेल तर फ्लाय रॉडवर आदळतो. कार्बनच्या रॉडवर शिशाचा असा एक फटका बसला तर बारीक तडा जातो आणि पुढच्या मोठ्या माशाला रॉड तिथेच मोडतो. फटका रॉडऐवजी मानेवर बसला तर तुमचंच नशीब. टोपी आणि चष्मा घातल्याशिवाय क्लाउजर फेकू नये, यावर दुमत नाही.

उपाय असा: मागे नेताना रॉड बाजूने, जमिनीला थोडा तिरका न्यायचा. पुढे आणताना डोक्यावरून. म्हणजे दोरी जाताना एका पातळीत आणि येताना दुसऱ्या पातळीत, मधे अंडाकृती वाट. वळसा मोठा ठेवायचा, घाई करायची नाही, हवेत दोनदा-तीनदा झुलवत बसायचं नाही. रॉडवर जो आकडा असतो तो दोरीचं वजन सांगतो. बाससाठी ६ ते ८ आकड्याचा रॉड योग्य. ४ आकड्याच्या नाजूक रॉडवर सव्वा ग्रॅमचे डोळे बांधणं म्हणजे स्कूटीला ट्रॉली जोडण्यासारखं आहे.

फ्लाय बांधायची गाठ घट्ट बसणारी नको, छोटा फास राहील अशी हवी. घट्ट गाठीत फ्लायचं तोंड दोरीला जखडलं जातं, फासात ते मोकळेपणाने खाली झुकतं.

पाण्यात चालवायचा कसा?

नदीत प्रवाहाला आडवा, किंचित वरच्या बाजूला टाका. मग बुडू द्या. मनात आकडे मोजा. पाचला तळ लागला तर पुढच्या वेळी चारला ओढायला सुरुवात करा. रॉडचं टोक पाण्याजवळ आणि दोरीच्या रेषेत ठेवायचं. डाव्या हाताने वीतभर दोरी ओढा, थांबा. दोन वेळा झटपट ओढा, थांबा. थंड पाण्यात थांबा लांबवा, कोमट पाण्यात वेग वाढवा. एकसारखी लय धरली तर खरा मासा वाटत नाही.

झडप बहुतेक वेळा हाताला झटका देत नाही. दोरी नुसती थबकते किंवा बाजूला सरकते. नजर दोरीवर हवी. आणि मासा लागला की रॉड वर उचलायचा मोह आवरायचा. रॉड उचलला आणि मासा चुकला तर फ्लाय पाण्याबाहेर, खेळ खलास. त्याऐवजी डाव्या हाताने दोरीच जोरात ओढायची. मासा चुकला तरी फ्लाय त्याच्यासमोरच राहतो आणि तो अनेकदा वळून पुन्हा येतो.

शिशाचा प्रश्न

शिसं विषारी आहे. पाण्यात हरवलेली शिशाची बारीक वजनं पक्षी खडे समजून गिळतात किंवा गळासकट मासा गिळतात. ब्रिटनने हंस मरायला लागल्यावर १९८७ पासून मासेमारीच्या बहुतेक लहान शिशाच्या वजनांची विक्री बंद केली. तोच काळ, जेव्हा अटलांटिकच्या पलीकडे क्लाउजर शिशाचे डोळे बांधत होते. अमेरिकेतही न्यू हॅम्पशायरसारख्या काही राज्यांनी लून पक्ष्यांसाठी लहान शिशाच्या वजनांवर निर्बंध आणले.

आज पितळी डोळे सहज मिळतात. पितळ शिशापेक्षा हलकं, म्हणून एक माप मोठं घ्यावं लागतं. टंगस्टन शिशाच्या दीडपटीहून जास्त घन आहे, त्यामुळे छोटा डोळाही झपकन बुडतो, पण महाग पडतो. उथळ पाण्याला स्टीलच्या साखळीचे मणीही चालतात, मात्र जाड गळावर त्यांचं वजन फ्लाय उलटा करायला अपुरं पडतं. आता नव्याने बांधायला बसणाऱ्याने शिसं घेण्याचं काही कारण उरलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात लहान मुलं असतील तर नक्कीच नाही.

सस्केहॅनाचंही सगळं आलबेल राहिलं नाही. २००५च्या उन्हाळ्यात स्मॉलमाउथ बासची पिल्लं मोठ्या संख्येने मरू लागली. काही नर माशांमध्ये अंड्यांच्या पेशी सापडल्या. रोगजंतू, परजीवी, तापलेलं पाणी, शेतीतून येणारी रसायनं, अशा अनेक गोष्टींकडे बोट दाखवलं गेलं. पुढे नदीच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात पकडलेला बास लगेच सोडून देण्याचा नियम आला. म्हणूनच तिथे गळाचा काटा पक्कडीने दाबून सपाट करतात, मासा ओल्या हातानेच धरतात आणि फोटोसाठी पाण्याबाहेर ताटकळत ठेवत नाहीत.

आणि आपला महसीर

भारतात हा फ्लाय सर्वात जास्त चालतो तो महसीरसाठी. उत्तराखंडात रामगंगेच्या काठावर सोनेरी महसीरच्या मागे येणाऱ्यांच्या डबीत क्लाउजर असतोच. या माशाचं एक नातं थेट पुण्याशी आहे. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या पाण्यात मिळालेल्या माशांवरून.

लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास होते. तिथली पिल्लं देशात अनेक ठिकाणी सोडली गेली, कावेरीतही. पण कावेरीत तिथला स्वतःचा, कुबडाचा महसीर होता. बाहेरून आलेला वाढत गेला आणि मूळचा दिसेनासा होऊ लागला. हे उघड झालं ते गळ टाकणाऱ्यांच्या वह्यांमुळे. कावेरीकाठच्या गालीबोरे शिबिरात १९९८ ते २०१२ या काळात पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या, त्यांच्यावरून संशोधकांनी घसरण मोजली. २०१८ मध्ये या कुबडाच्या महसीरची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

तेव्हा भारतात क्लाउजर टाकायचा असेल तर आधी चौकशी करा. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात गळ टाकता येत नाही. इतर ठिकाणी राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना लागू शकतो. देहूच्या इंद्रायणीसारख्या देवाच्या डोहात तर मासे भाविकांच्या हातून खातात, तिथे गळाचा प्रश्नच येत नाही. परवाना मिळालाच तर पहिला दिवस मध्यम वजनाचे पितळी डोळे, बोकडाचे पांढरे-तपकिरी केस आणि काटा सपाट केलेला गळ घेऊन जा. घरी आल्यावर फ्लाय डबीत बंद करण्याआधी रात्रभर वाळू द्या, नाहीतर गळ गंजतो आणि गंज पांढऱ्या केसांवर उतरतो.